घोडेगावहून न्यूयॉर्क किती लांब?

अमेरिका किती लांब आहे, असं कुणाला विचारलं तर उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. "सोळा तास," असं येतं. ज्यांची मुलं तिकडे स्थायिक झाली आहेत, ते पुढचाही हिशेब सांगतात: घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पोचेपर्यंत चांगला सव्वा दिवस. अंतर तासांत सांगायची ही सवय सोयीची खरी, पण तिच्यात एक गफलत आहे. दोन ठिकाणांमधलं अंतर ठरलेलं असतं, तास ठरलेले नसतात. त्याच मार्गावर जाताना सोळा लागतात आणि येताना चौदा. मधल्या एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं, तर त्यात आणखी भर पडते. तेव्हा किलोमीटर कोण ठरवतं आणि तास कोण ठरवतं, हे वेगवेगळं मांडून पाहायला हवं. मोजायला सुरुवात घोडेगावपासून करू.

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचं हे नेवासे तालुक्यातलं गाव. शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या इथून आत वळतात. कांद्याचे लिलाव किंवा जनावरांचा बाजार असला की रस्त्याला पिकअप आणि ट्रॅक्टरची रीघ लागते. गावाला विमानतळ नाही, पण विमानतळांचा तोटाही नाही. सरळ रेषेत मोजलं तर शिर्डीचा विमानतळ साठेक किलोमीटरवर आहे, संभाजीनगरचा चिकलठाणा ऐंशीच्या आसपास आणि पुण्याचा लोहगाव सव्वाशे ते दीडशेच्या दरम्यान. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यात काकडी गावाजवळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. धावपट्टी अडीच किलोमीटरची. तरी न्यूयॉर्कला जायचं म्हटलं की गाडी निघते ती मुंबईकडे. नगर, पुणे, द्रुतगती मार्ग असं करत तीनशेच्या आसपास किलोमीटर कापून माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरतो.

या तीनशे किलोमीटरच्या प्रवासात न्यूयॉर्क किती जवळ आलं? फक्त पासष्ट किलोमीटर. घोडेगाव ते न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे, आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३०. एवढा रस्ता कापून पश्चिमेला गेलो, पण पश्चिमेकडची अमेरिका काही तेवढी जवळ आली नाही. याचं कारण साधं आहे. आपल्याकडून न्यूयॉर्कची वाट पश्चिमेला जातच नाही. ती जाते उत्तरेला, किंचित डावीकडे कलून.

दोरा ताणून पाहा

हे पटत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून तो ताणावा. दोरा अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाईल अशी आपली अपेक्षा असते. पण ताण देताच तो घसरत वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असं करत मॉस्कोच्या जवळून फिनलंडवर जातो. स्वीडन आणि नॉर्वे ओलांडतो, आइसलँडच्या दक्षिण भागावरून अटलांटिक पार करतो आणि कॅनडातल्या लॅब्रडॉरवरून खाली न्यूयॉर्कला येतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि न्यूयॉर्क साधारण ४१ वर. पण त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट जवळजवळ ६५ अंशांपर्यंत वर चढते.

गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. ताणलेला दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. आता भिंतीवरच्या नकाशात दिसणारी मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेषा गोलावर आखली, तर ती साडेतेहतीसच्या जवळ जाते. म्हणजे १४,२०० किलोमीटर. नकाशावर जी वाट सरळ दिसते ती प्रत्यक्षात जवळजवळ १,७०० किलोमीटर लांबची आहे.

यात नकाशाची चूक नाही, त्याचं काम वेगळं आहे. भिंतीवरचे अनेक नकाशे ज्या पद्धतीने काढलेले असतात ती नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी बसवली. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर ती वाट नकाशावर सरळ दिसावी, एवढाच तिचा हेतू. त्यापायी ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा करावा लागला. गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र महावृत्ताची असते. दोन्ही ठिकाणांमधून आणि पृथ्वीच्या केंद्रातून पातं घालून गोल कापला, तर कडेला जे वर्तुळ उमटेल ते महावृत्त. विषुववृत्त हे त्याचं ओळखीचं उदाहरण. दोन गावांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की हे अंतर त्रिकोणमितीतल्या एका सूत्राने निघतं. पृथ्वी ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे अगदी काटेकोर आकडा थोडासा सरकतो, पण अर्ध्या टक्क्याच्या आतच. आणि या गोलावर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत, कारण अर्धा परीघच तेवढा.

दिल्लीचं उदाहरण याच गणितातलं. दिल्ली मुंबईच्या पूर्वेला आहे, म्हणजे नकाशावर अमेरिकेपासून आणखी दूर. पण ती उत्तरेला आहे, आणि या वाटेवर उत्तरेचंच मोल जास्त. दिल्ली ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ११,७५५ किलोमीटर भरतं, मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटर कमी.

किलोमीटरचा हिशेब इथे संपला. तो भूमितीने ठरवला, आणि त्यात बदल होण्याचा प्रश्न नाही.

हजार किलोमीटरला दोन तास, मग बारा हजारांना?

तासांचं तसं नाही. शिर्डी ते दिल्ली हे सरळ अंतर सुमारे १,०२० किलोमीटर. जेट विमान उंचावर ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने जातं, तेव्हा सव्वा तासात पोचायला हवं. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दिसतो. याच हिशेबाने मुंबई–न्यूयॉर्कला पंचवीस तास लागायला हवेत, पण लागतात सोळा.

कारण वेळापत्रकातला वेळ हा निव्वळ उडण्याचा वेळ नसतो. विमान उभ्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आधीच्या विमानांमागे थांबणं, वर चढताना कमी वेगाने जाणं, उतरण्याआधी रांगेत घिरट्या घालणं, हे सगळं आलं. शिवाय विमान वेळेवर पोचल्याची नोंद व्हावी म्हणून कंपन्या थोडी सवड आधीच घालून ठेवतात. हा अर्धा-पाऊण तास प्रवास छोटा असो की मोठा, द्यावाच लागतो. हजार किलोमीटरच्या प्रवासात तो डोळ्यांवर येतो, बारा हजारांच्या प्रवासात मुरून जातो. म्हणून छोट्या अंतराचा वेळ गुणून मोठ्या अंतराचा वेळ काढता येत नाही.

जाताना वारा तोंडावर

उरतो तो उडण्याचा वेळ, आणि तिथे सत्ता वाऱ्याची. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा नेहमीचा, हिवाळ्यात त्याहून बराच जास्त. विमानाचा नऊशेचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच समोरून येत असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा घटतो.

आकडे घालून पाहू. साडेबारा हजार किलोमीटरच्या सगळ्या वाटेवर सरासरी फक्त पन्नासचा वारा समोरून असला, तर वेग ८५० होतो आणि निव्वळ उडायला १४ तास ४० मिनिटं लागतात. तोच पाठीमागून असला तर वेग ९५० होतो आणि १३ तास १० मिनिटं पुरतात. दीड तासाचा फरक नुसत्या पन्नासच्या वाऱ्याने पडला. म्हणूनच अमेरिकेहून परत येणारं विमान लवकर पोचतं. येताना वैमानिक वाट थोडी वाकडी करूनही हा प्रवाह गाठतात, जाताना त्याला बगल देतात. विमान कंपनीचे नियोजक रोज हवामानाचा अंदाज पाहून त्या दिवसाची वाट आखतात. आज आणि उद्याची वाट एकच असेल याची खात्री नसते.

यावर एक समज फार पसरलेला आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. चालत्या एसटीत सरळ वर उडी मारली तर आपण मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवाटेने. त्या फिरण्यामुळे आणि विषुववृत्त नि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे हे पश्चिमेचे वारे तयार होतात, आणि ते नेमके उलट दिशेने काम करतात.

वारा अंतरावर मात करू शकतो, याचा सरळ दाखला एअर इंडियाने दिला. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, पण वारा तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे वळवून प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त उडायचं, पण वारा पाठीशी. वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांच्या आसपास आला. लांबची वाट लवकर पोचवते, हे एवढ्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसतं.

आकाशातल्या सीमा

गोलावर ताणलेल्या त्या दोऱ्याखाली कोणते देश आले ते पुन्हा आठवून पाहावं. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. वाट भूमितीने आखली तरी तिच्यावरून जायची परवानगी सरकारं देतात. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते पूर्ण खुलं व्हायला जुलै उजाडला. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मनाई केली. युनायटेडला नेवार्क–मुंबई विमान त्या मार्चमध्ये थांबवावं लागलं. एअर इंडियाला मात्र रशियावरून जायची मुभा राहिली. म्हणजे त्याच दोन शहरांमधली वाट एका कंपनीला बंद आणि दुसरीला खुली होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मग वळसा घेऊन व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं.

वळसा घातला की इंधन का संपतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. बोइंग ७७७-३००ईआर हे अशा मार्गांवरचं नेहमीचं विमान उड्डाणाच्या वेळी साडेतीनशे टनांपर्यंत वजन घेऊन निघू शकतं. सोळा तासांच्या प्रवासात त्यातलं शंभर टनांहून जास्त इंधनच असतं. सुरुवातीचे कित्येक तास या इंधनाचा बराच भाग उरलेलं इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. म्हणून जड विमान आधी कमी उंचीवर राहतं, आणि हलकं होईल तसतसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. दोन तासांचा वळसा आला तर तेवढं जादा इंधन घ्यायला वजनात जागा उरत नाही. मग एक तर प्रवासी आणि माल कमी करायचा, नाही तर मध्ये उतरायचं.

आणखी एक अट आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेवर कायम हाताशी ठेवावा लागतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरलं. तिथून प्रवाशांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं. असे आडवाटेचे विमानतळ नकाशात धरूनच एवढी लांबची वाट आखता येते.

दोन महिन्यांवरून सोळा तासांवर

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. मधे सुमारे दोन महिने गेले. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं. जे. आर. डी. टाटा त्यात होते. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला उतरलं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ ने लंडनमार्गे न्यूयॉर्क जोडलं, आणि ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाचं विमान मुंबईहून मध्ये न उतरता थेट न्यूयॉर्कला गेलं.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बोइंग ७०७ सुद्धा ताशी नऊशेच्या आसपासच जायचं. म्हणजे १९६० नंतर प्रवासी विमानांचा वेग वाढलेला नाही. ध्वनीहून वेगवान कॉन्कॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत चाललं, पण एका दमात सात हजारेक किलोमीटरच जाऊ शकायचं. मुंबई–न्यूयॉर्क त्याच्या आवाक्यातच नव्हतं. गेल्या साठ वर्षांत वेळ वाचला तो वेगामुळे नाही, थांबे गळल्यामुळे. इंजिनं कमी इंधनात जास्त लांब जाऊ लागली, हे त्यामागचं कारण. सिंगापूर–न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचं थेट उड्डाण आज जगातलं सर्वांत लांबचं, अठरा तासांहून अधिक काळाचं. तिथेही विमान नऊशेच्याच वेगाने जातं.

तिकिटावरचे साडेसहा तास

तिकीट हातात आलं की आणखी एक गोंधळ होतो. समजा विमान मुंबईहून रात्री दीडला निघतं आणि तिकिटावर न्यूयॉर्कची वेळ त्याच तारखेची सकाळी आठ आहे. साडेसहा तासांत अमेरिका? तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. रात्री दीड अधिक सोळा तास म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यातून साडेनऊ वजा केले की सकाळचे आठ. परतताना उलटा हिशेब. तिथून सकाळी अकराला निघालं आणि चौदा तास लागले, तर इथे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे असतात, तेव्हा हाच फरक साडेदहा तासांचा होतो. सूर्याला विचारलं तर तो तिसराच आकडा सांगेल. घोडेगाव आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत सुमारे १४८.६ अंशांचं अंतर आहे, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे खरा फरक नऊ तास चोपन्न मिनिटांचा. साडेनऊ आणि साडेदहा हे दोन्ही माणसांनी सोयीसाठी ठरवलेले आकडे आहेत.

वाचवायचे तास जमिनीवरचे

आता घोडेगावचा सगळा हिशेब एकत्र करू. मुंबईपर्यंत गाडीने सहा-सात तास. उड्डाणाआधी विमानतळावर तीन-चार. विमानात सोळा. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड-दोन. बेरीज अठ्ठावीस तासांच्या आसपास जाते, आणि त्यातले बारा तास माणूस जमिनीवरच असतो. विमानाचा वेग वाढण्याची चिन्हं नाहीत, वारा कुणाच्या हातात नाही, आकाशाच्या सीमा इस्लामाबादेतून किंवा मॉस्कोतून ठरतात. कमी करता येण्याजोगे तास आहेत ते या बारांमध्ये. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा नगर-पुण्याकडच्या माणसाला फायदा तो हाच. तिथून थेट अमेरिकेचं विमान मिळो न मिळो, मुंबई शहर ओलांडणं टळतं.

दुसरा मार्ग शिर्डीचा. शिर्डी ते दिल्ली १,०२० किलोमीटर आणि दिल्ली ते न्यूयॉर्क ११,७५५, मिळून १२,७७५. शिर्डीहून थेट महावृत्तावर गेलो असतो तर सुमारे १२,५४०. म्हणजे दिल्लीमार्गे जाण्याचा वळसा फक्त २३५ किलोमीटरचा. भूमितीच्या दृष्टीने दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे, आणि मुंबईपर्यंतचा तीनशे किलोमीटरचा रस्ता पूर्ण टळतो. पण दिल्लीत पुढच्या विमानासाठी सात-आठ तास बसावं लागलं तर वाचलेले तास तिथेच संपतात. शिर्डीचं विमान दिल्लीत उतरल्यानंतर तीन-चार तासांत अमेरिकेचं विमान असेल, तरच हा मार्ग फायद्याचा. म्हणून तिकीट काढताना उड्डाण किती तासांचं आहे हे पाहण्याआधी मधला मुक्काम किती तासांचा आहे ते पाहावं. उड्डाणाचे तास सगळ्या कंपन्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच असतात, पैसे देऊन खरोखर निवडता येतात ते मधले तास.